पोपटमुठीचा खांडा

"माझा नवरा कुठल्या कपाटात ठेवलाय?"

मी शिडीवर उभी राहून दिव्याच्या तारेवरची कोळिष्टकं काढत होते. खाली पाहिलं तर दरबार हॉलच्या दारात एक म्हातारी उभी. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि हातातली काळी छत्री तलवारीसारखी धरलेली. आमचा शिपाई तिच्या मागे थोडं अंतर राखून घुटमळत होता. तिला अडवायचं की मुजरा करायचा, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"बाई, इथे कोणी राहत नाही. हे म्युझियम आहे," मी शिडीवरूनच म्हटलं.

"ते ठाऊक आहे. माझ्या लग्नाला खांडा आला होता. तो म्हणे तुम्ही काचेत मांडताय. खाली उतरा आणि दाखवा."

ही गोष्ट एकोणसत्तर सालची. आंबेरी संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या जिभेवरून ते उतरलं नव्हतं. वाड्यातली जुनी शस्त्रं राजघराण्याने वाड्यातल्याच म्युझियमला दिली होती आणि त्यांचं नवं दालन खंडेनवमीला उघडायचं होतं. बडोद्याला संग्रहालयशास्त्र शिकून मी तिथे हंगामी मदतनीस म्हणून लागले होते. कुसुम टिल्लू. सगळे मला टिल्लूबाई म्हणत, आणि त्या वयात ते मला फार लागायचं.

म्हातारीला मी ओळखत नव्हते, पण ऐकून होते. मैनाऊसाहेब. गावात त्यांना कोणी त्या नावाने हाक मारत नसे. 'तळ्यावरच्या बाई' म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत.

मी त्यांना खंजिरांच्या काचपेटीपाशी नेलं. आत सात खंजीर होते, जावा-सुमात्राकडे ज्यांना क्रिस म्हणतात ते. त्यांची पाती सरळ असतात किंवा सापासारखी वळत गेलेली. सहा म्यानांत होते, सातवा उघडाच. पूर्वीच्या महाराजांनी जावाच्या सफरीतून आणलेले म्हणून सगळे एकत्र मांडले होते.

मैनाऊसाहेबांनी काचेला नाक लावलं. बराच वेळ पाहिलं. मग छत्रीचं टोक एका खंजिरावर रोखलं. त्याची मूठ मान मुडपून बसलेल्या पाखरासारखी होती.

"हे डोकं माझ्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या. "धड दुसऱ्याचं आहे."

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळलं.

"ती पाटी वाचा. माझे डोळे गेलेत."

मी वाचली. 'जावा बेट. कैलासवासी श्रीमंतांनी आपल्या जावा सफरीत मिळवलेले खंजीर.'

"सफर कधीची?"

"पहिल्या महायुद्धाच्या थोडी आधीची."

"माझं लग्न त्याच्याही कितीतरी आधीचं. म्हणजे पाटीच्या हिशोबाने माझ्या लग्नाला हा खांडा नव्हताच. आणि खांडा नव्हता, तर लग्न नव्हतं. मग टिल्लूबाई, मी कोण?"

 उत्तर त्यांनी स्वतःच दिलं, आणि जो शब्द वापरला तो मी इथे लिहीत नाही. गावातले लोक आवाज खाली आणून तोच म्हणत असणार.

खांड्याशी लग्न म्हणजे काय, हे आता कोणाला सांगावं लागेल. राजा लहान घराण्यातली मुलगी करायचा तेव्हा स्वतः बोहल्यावर जात नसे. त्याचं शस्त्र जाई. त्या शस्त्रासमोर अंतरपाट धरत, मंगलाष्टकं म्हणत, आणि मुलगी राणी होऊन पालखीत बसे. मैनाऊसाहेब घाटाखालच्या एका गरीब देशमुखाच्या घरातल्या. लग्नात दहा-अकरा वर्षांच्या.

"तलवार का नाही आली? खंजीर कसा?" मी विचारलं.

"तलवार करवलीला पेलेना. करवली माझ्याहून धाकटी. म्हणून तिच्या मांडीवर मावेल असं हत्यार काढलं. अंतरपाटाखालून मी हळूच पाहिलं, तर पलीकडे दोन पाय लोंबतायत आणि मांडीवर पोपट. मला वाटलं, पोपटाशी लग्न लावतायत!" त्या क्षणभर हसल्या. "मग माझ्या शेल्याचं टोक त्या कड्यातून ओवलं आणि गाठ मारली."

"कुठल्या कड्यातून?"

"म्यानाच्या कुशीला लाकडाचं कडं होतं. तिथे नाही तर गाठ मारणार कुठे?"

मी काचपेटीकडे पाहिलं. सहाही म्यानांच्या कुशी गुळगुळीत होत्या. एकाही म्यानाला कडं नव्हतं.

तेवढ्यात आमचे प्रमुख, श्रीखंडेसाहेब, लगबगीने आले. माणूस वाईट नव्हता. जुन्या नाण्यांवर जीव आणि बाकी सगळ्या जगाला भ्यायलेला. त्यांनी बाईंना अदबीने, पण दाराच्या दिशेने, वाट दाखवली. मग माझ्याकडे वळले.

"काय म्हणत होत्या?"

मी सांगितलं.

"म्यानाला कडं? तो खंजीर आहे की तपेलं? हे बघा टिल्लूबाई, आत्यासाहेब त्या लग्नाला होत्या, असं लोक म्हणतात. कैलासवासी महाराजांच्या सख्ख्या बहीण. दालनाचं उद्‌घाटन त्यांच्याच हस्ते आहे. आत्ताच्या श्रीमंतांनी, जयाजीरावांनी, गेल्या आठवड्यात त्यांना हा पोपटमुठीचा खंजीर नेऊन दाखवला. 'हा मी पाहिलेला नाही,' म्हणाल्या. झालं की नाही?"

"पण साहेब, डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं असेल तर?"

"तुम्ही स्वतःचं लग्न करा हो," ते म्हणाले. "म्हणजे लोकांच्या लग्नात लक्ष जाणार नाही."

"स्थळ तुम्ही शोधा साहेब, मी नाही म्हणणार नाही. तोवर मला कोठीची किल्ली द्या."

किल्ली त्यांनी दिली. मला वाटतं, मी शांत बसावं म्हणून दिली.

आमच्या वाड्यात काय चूक होत आली होती, ती मला दुसऱ्या दिवशी खंजीर हातात घेतल्यावर कळली. खंडेनवमीला सगळी शस्त्रं बाहेर निघत. म्यानं एकीकडे, मुठी एकीकडे, पाती घंगाळात. चिंचेचा कोळ आणि विटकरीची पूड लावून घासघासून पांढरी लख्ख करत. आपल्या तलवारीची मूठ पक्की बसवलेली असते, तिचं काही बिघडत नाही. पण क्रिसची मूठ नुसती कापडाची चिंधी गुंडाळून पात्याच्या शेपटावर दाबून बसवतात. ओढली की हातात येते. पूजेचा मुहूर्त गाठायच्या घाईत जी मूठ हाताला लागेल ती ज्या पात्यावर बसेल त्यावर बसे. अशा किती नवम्या झाल्या असतील! जावाची माणसं लिंबू आणि सोमल हे विष लावून पात्यावरचं नक्षीकाम काळ्यावर पांढरं उठवतात, आणि आम्ही दरवर्षी श्रद्धेने ते पुसत होतो. सातही पाती ताटल्यांसारखी चमकत होती. म्हणूनच ती सगळी एका गावची वाटत होती.

मी सातही मुठी काढल्या आणि पाती ओळीने मांडली. सहा लांब, सडसडीत, हाताला हलकी. सातवं, ज्याला म्यान नव्हतं ते, आखूड, रुंद आणि वजनदार. त्याच्यावरची जावाची मूठ सैल पडून डुगडुगत होती. मी शिपायाला लिंबं आणायला पाठवलं.

लिंबाचा रस चोळताना श्रीखंडेसाहेब आत आले आणि कपाळाला हात लावून स्टुलावर बसले.

"सरबत करताय की संशोधन?"

"बघा ना साहेब. ह्या सहांवर बुडापासून टोकापर्यंत लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उठतेय. मध्य जावाची घडण. आणि हे सातवं बघा. मधे कोरं, नक्षी फक्त बुडाशी आणि टोकाशी. ही सुलावेसी बेटावरच्या बुगी लोकांची पद्धत. जावापासून समुद्राने किती लांब! बुगी म्हणजे दर्यावर्दी माणसं. त्यांची जहाजं सगळीकडे जात. कोकणातल्या एखाद्या बंदरातून हा केव्हातरी वर घाटावर आला असणार."

"लोखंडावर गाव लिहिलेलं असतं का?"

"वहिनींच्या साडीवर लिहिलेलं असतं का? तरी इरकल कुठली आणि पैठणी कुठली ते तुम्हाला लांबून कळतंच ना?"

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. मी पोपटाची मूठ उचलली आणि सातव्या पात्यावर बसवली. चिंधी न लावता ती बसली, आणि बसताना बारीकसा 'टक्' आवाज झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्यान मात्र सापडेना. दोन दिवस मी कोठी उपसली. शेवटी मोडक्या वाद्यांच्या टोपलीत, सारंगीचे तुकडे आणि तंबोऱ्याच्या खुंट्या ह्यांच्या खाली, एक लाकडी वस्तू मिळाली. वर होडीसारखं तोंड, खाली चपटी नळी, टोक तुटलेलं. कोणीतरी तिला वाद्याचा भाग समजून टाकलं होतं, आणि त्याला कारण होतं. तिच्या कुशीला सुताने घट्ट बांधलेलं, मधे पोकळ असं एक कोरीव लाकडी कडं होतं. बुगी माणसं त्यातून कमरेच्या पट्ट्याची दोरी ओवतात. जावाची माणसं खंजीर पाठीशी खोचतात, त्यांना कडं लागत नाही.

मी कड्यात बोट घातलं. शेल्याचा एखादा जरीचा धागा राहिला असेल म्हणून भिंग लावून पाहिलं. काही नव्हतं. धूळ होती. पण तो धागा मला हवाच कशाला होता? हे कडं आहे हे म्युझियममधल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, आणि म्हातारीने ते मला आधी सांगितलं होतं.

पातं म्यानात सरकवलं. पुरतं बसलं.

श्रीमंत जयाजीराव दुसऱ्या दिवशी आले. चाळिशीचे, गोरे, बोलायला गोड. थोरल्या राणीसाहेबांचे नातू. थोरल्यांना उशिरा मुलगा झाला, तेव्हा मैनाऊसाहेबांची तळ्यावरच्या बंगल्यात रवानगी झाली होती. श्रीमंतांनी माझं सगळं ऐकून घेतलं, खंजीर हातात धरून पाहिला आणि परत ठेवला.

"छान काम केलंत. पाटी मात्र तीच राहील."

"ती खोटी आहे, श्रीमंत."

"आमच्या आजी एकट्याच राणी होत्या. हे खरं आहे, आणि हे आम्हाला पुरेसं आहे."

"मी फक्त खंजिराचं गाव सांगतेय. राणी कोण ते मी सांगत नाही."

"सांगताय. आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे." ते अजूनही हसतच होते. "आत्यासाहेब नाही म्हणाल्यात. घरातला विषय घरात संपलाय. तुमची नेमणूक हंगामी ना? मग नवमीनंतर यायची तसदी घेऊ नका."

श्रीखंडेसाहेब खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मी खंजीर उचलला आणि बाहेर पडले. तिथे थांबले असते तर रडू आलं असतं, आणि त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं.

संध्याकाळी मी तळ्यावर गेले. मैनाऊसाहेब पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. कडं सापडल्याचं ऐकलं तेव्हा त्यांचा हात सुपात थांबला.

"तर तुम्ही हरलात," त्या म्हणाल्या.

"नाही."

"नोकरी गेली की."

"ती गेली. हरले नाही."

त्यांनी मला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. "नवमीला कोण कोण येणार?"

"सगळं गाव. उद्‌घाटन आत्यासाहेबांच्या हस्ते आहे."

"बकू येणार?" त्या पुटपुटल्या, आणि सुपातले तांदूळ उगाच पाखडले. "मला वाड्यातून बाहेर काढलं तेव्हा ती सासरी होती. त्यानंतर आम्ही समोरासमोर आलोच नाही. कोणी येऊच दिलं नाही." मग म्हणाल्या, "माझं एक काम करा. तो माझ्या हातात द्या. एकदाच. काचेतून नको."

"देते," मी म्हटलं.

नवमीला दरबार हॉल माणसांनी भरला. पाटांवर तलवारी, पट्टे, भाले, वर झेंडूची फुलं. भटजींनी हळदकुंकू वाहिलं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत आत्यासाहेब होत्या. बारीकशा, हिरवं लुगडं, मान किंचित हलती. खंजिरांची काचपेटी मी सकाळीच लावून कुलूप घातलं होतं. पोपटमुठीचा खांडा त्याच्या स्वतःच्या म्यानात मधोमध होता. जुनी पाटी तशीच खाली होती. ती काढायची मला परवानगी नव्हती, आणि खांडा लपवायचा कोणी हुकूम दिला नव्हता.

फीत कापून झाली, टाळ्या झाल्या, आणि मागच्या बाजूने माणसं आपोआप बाजूला होत गेली. मैनाऊसाहेब चालत येत होत्या. बोलावणं नव्हतं. पांढरं लुगडं, आज छत्रीही नाही. सरळ काचपेटीपाशी आल्या आणि माझ्याकडे पाहत हात पुढे केला.

"टिल्लूबाई," श्रीखंडेसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "पेटी उघडू नका."

मी कनवटीची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"आज नवमी आहे, साहेब. सगळी शस्त्रं बाहेर आहेत, मग ह्यानेच काय पाप केलंय?"

मी खांडा दोन्ही हातांवर घेतला आणि त्यांच्या हातांवर ठेवला. त्यांनी तो छातीशी धरला. मग आपल्या पांढऱ्या पदराचं टोक घेतलं, पीळ दिला आणि कड्यातून ओवलं. ओवताना कडं कुठे आहे हे त्यांना पाहावं लागलं नाही. त्यांनी गाठ मारली आणि ओढून घट्ट केली.



"हे काय चालवलंय?" श्रीमंत पुढे आले. "बाई, तो खंजीर ठेवा खाली."

"ठेवते की. आधी गाठ सोडवा."

श्रीमंतांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई जमिनीकडे पाहत होता. त्यांनी भटजींना खुणावलं.

"भटजी, सोडवा ती."

भटजी एक पाऊल मागे सरकले. "मला नाही सोडवता येणार, श्रीमंत. शेल्याची गाठ आहे ती. ती नवऱ्याच्या बहिणीनं सोडवायची असते. करवलीचा मान तो, त्यासाठी तिला खण मिळतो."

"कसलं लग्न आणि कसली करवली? कात्री आणा!"

"थांब रे जया!"

आवाज एवढा पातळ होता की तो कुठून आला ते आधी कळलंच नाही. आत्यासाहेबांनी खुर्चीच्या हातावर हात रोवले होते. दोघीजणी आधाराला धावल्या, त्यांना त्यांनी झिडकारलं. उठल्या आणि एकेक पाऊल टाकत मैनाऊसाहेबांपाशी आल्या. पाखराच्या मुठीवरून हात फिरवला. मग म्यानावर, मग कड्यावर.

"आत्यासाहेब, हा तोच खंजीर. तुम्हाला दाखवला होता. तुम्ही नाही म्हणालात," श्रीमंत म्हणाले.

"मला दाखवलास त्याला कडं नव्हतं. मूठ ह्याची आणि अंग भलत्याचं. त्याला मी हो कशी म्हणू?" त्यांनी गाठ बोटांत धरली. "हा माझ्या मांडीवर होता. सबंध वाटभर पालखीत. पाय लोंबून लोंबून बधिर झाले माझे, आणि दादासाहेब महाराजांनी बजावलं होतं, बकू, खांडा खाली ठेवायचा नाही."

"तू ठेवला नव्हतास," मैनाऊसाहेब म्हणाल्या.

"तुम्ही अंतरपाटाखालून डोकावलात. मी पाहिलं होतं."

दोघी हसल्या. हॉलभर माणसं असताना त्या दोघीच हसल्या. मग आत्यासाहेबांनी नखाने गाठ सैल करायला घेतली. खूप वेळ लागला. कोणी मदतीला गेलं नाही; जायचं नसतं. पदर कड्यातून सुटला, आणि त्यांनी रिकामा तळवा पुढे धरला.

"वहिनीसाहेब," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझा खण?"

मैनाऊसाहेबांनी कमरेला खोचलेला हिरवा खण काढला. घडी घातलेला, नवा कोरा. त्या येताना तो घेऊनच निघाल्या होत्या. त्यांनी तो नणंदेच्या हातावर ठेवला.

श्रीमंत पाय आपटत बाहेर गेले. श्रीखंडेसाहेब काचपेटीपाशी आले. कोणी पाहत नाही ना, असं चारी बाजूंना पाहून त्यांनी ती पाटी उचलली आणि कोटाच्या खिशात घातली.

"नवी पाटी काय लिहिणार?" त्यांनी मला विचारलं.

"सुलावेसी बेट. बुगी घडण. आंबेरीच्या राणी मैनाऊसाहेब ह्यांच्या लग्नातला खांडा."

"अक्षर जरा मोठं काढा," ते म्हणाले. "त्यांचे डोळे गेलेत."

मला नवमीनंतर येऊ नका असं सांगितलं होतं. दशमीला सुट्टी होती. एकादशीला दार उघडायच्या आधी नवी पाटी घेऊन मी पायरीवर हजर होते.